भिंतीवरची जागा

“यमुना पावराचा फोटो खाली उतरवायचा? हात तर लावून बघा!” प्राध्यापक रत्नप्रभाबाई सावर्डेकर कडाडल्या.

विद्यापीठातली नामवंत माजी विद्यार्थ्यांची भिंत भरली होती, आणि मंत्री भगवंतरावांना तिथंच आपला फोटो हवा होता. कुलगुरूंच्या एवढ्या पदव्या, पण मंत्र्यापुढं मान डोलावून त्यांनी यमुनाचाच फोटो काढायचं ठरवलं. पाड्यावरून येऊन ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या आपल्या या विद्यार्थिनीचा फोटो बाई बऱ्या उतरू देतील!

“मीही तुमचाच विद्यार्थी, बाई,” मंत्री गुरगुरले. “तुमचा एक पेपर तेवढा राहिला, म्हणून माझं नाव लहान होतं काय?”

“नाव मोठंच आहे, भगवंतराव,” बाई शांतपणे म्हणाल्या, “पण ही भिंत शिकून बाहेर पडलेल्यांची आहे, आणि तुमचं शिक्षण अजून चालू आहे, तेव्हा उद्या सकाळी वही घेऊन माझ्या तासाला या.”