थाळी आणि काडी

फार मागे, डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावर काशाची एक थाळी होती. सुगीच्या जेवणाला ढोल दणदणू लागला, तसा थाळीलाही हुरूप आला. "मलाही वाजवा की!" ती म्हणाली. कुणीतरी तिला पळीने बडवलं. त्या खणखणाटाने कोंबड्या उडाल्या आणि तान्ही पोरं रडायला लागली.

अशा गोंगाटात चैतीआजीचं सुगीचं गाणं कुणालाच ऐकू येईना. तिचा आवाज आता थकला होता. "राहू द्या, यंदा गाणं नको," म्हणत ती उठली.

अंगणातल्या वाळक्या काडीला फार वाईट वाटलं. ती थाळीला म्हणाली, "ताई, मला तुझ्यावर उभी राहू दे."

"तू? तुझ्याने एक ठोका तरी बसेल का?"

"ठोका मारायचाच नाही गं. आजी, मला मेणाने हिच्यावर उभी चिकटवा आणि माझ्या अंगावर वरून खाली बोटं फिरवा."

आजीने तसं केलं. थाळीतून भुंग्यासारखा मऊ गुंजारव निघाला. "अगबाई, हा माझा आवाज?" थाळी चकितच झाली. ढोलवाल्याने हात थांबवला. आजी त्या सुरावर गाऊ लागली.

लांबच्यांना नीट ऐकू येईना, म्हणून ते सरकत सरकत जवळ आले. एकमेकांशी न बोलणारे शेजारीही गुडघ्याला गुडघा लावून बसले. एक पोरगी तर थेट आजीच्या मांडीत शिरली.

मागे राहिलेला ढोल हळूच म्हणाला, "अरे, मलाही कुणीतरी पुढे सरकवा ना!"