चिमा कुंभारणीचं कच्चं मडकं

फार वर्षांमागं, पुण्यात पेशव्यांचं राज्य होतं तेव्हा, आमच्या खोऱ्यातल्या सात वाड्यांवर ना राजा होता ना पाटील. दर तीन वर्षांनी घरटी एक माणूस मडक्यात एक बी टाकायचा. एकाच्या नावाची लाल गुंज, दुसऱ्याच्या नावाचा पांढरा वाल. ज्याच्या बिया जास्त, तो सातवाडीचा कारभारी.

ऐकायला सोपं वाटतं, पण विश्वास कुणाचा कुणावर? नवऱ्यानं काय टाकलं ते बायको विचारायची, आणि सांगितलं तरी खरं धरायची नाही.

मडकं घडवायची चिमा कुंभारीण. त्या वर्षी जुन्या सिदोजी कारभाऱ्यासमोर उभा राहिला देवजी, चिमाचा पाठचा भाऊ. आई गेल्यावर तिनंच त्याला कडेवर वाढवलेला. झालं! मडक्यात चोरकप्पा असणार, असं कुणीतरी म्हटलं, आणि दुपारपर्यंत सातही वाड्यांनी तो कप्पा डोळ्यांनी पाहिल्यागत सांगायला सुरुवात केली. सिदोजीची माणसं म्हणाली, "लबाडी निघाली तर तुझं चाक फोडू आणि तुला खोऱ्याबाहेर काढू."

चिमाच्या जिव्हारी लागलं. ती म्हणाली, "मग यंदा मडकं भाजतच नाही. तुमच्यासमोर ओलंच घडवते. कच्च्या मातीला खोटं पचत नाही."

देवळापुढं तिनं मडकं घडवलं. गळा ठेवला दोन बोटं जातील एवढाच. माती सुकू नये म्हणून त्यावरून ती दिवसभर ओला हात फिरवत राहिली. बी कोण टाकतंय याच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे चिमाचे हात राखत बसले होते.

शेवटी देवजी आला. पेशव्यांच्या फौजेत वीस वर्षं घोड्यावर काढलेला गडी, माती कशी असते ते विसरलेला. त्यानं एकाऐवजी आपल्या नावाचे मूठभर वाल आत सारले. गळा फाकला, आणि त्यावर चार पेरं आणि मनगटातलं कडं नक्षीसकट उमटलं.

ते एकट्या चिमानं पाहिलं. देवजीच्याही ध्यानात आलं. तो खाली वाकून पुटपुटला, "अक्का, ओला हात फिरव. एकदाच."

फिरवला असता तर कुणाला कळणार होतं? दिवसभर तेच तर चाललं होतं. पण चिमानं दोन्ही हात पाठीमागं घेतले, आणि रडत रडत म्हणाली, "गळा बघा. माझ्या भावाची मूठ आहे ती."

तरी सिदोजीची माणसं संशयीच. यात बाईचाच काही डाव असेल, खोटी खूण पाण्यानं धुऊन जाईल, म्हणून त्यांनी तिच्यावर घागरभर पाणी ओतलं. पण माती विस्तवाशिवाय दगडागत टणक झाली, असं म्हणतात. देवजीची मूठ त्या खुणेत बरोबर बसली. दिवस मावळायच्या आत त्याला घाटापार घालवलं. चिमाचं चाक कुणी फोडलं नाही, पण तिच्या डोळ्याला डोळाही कुणी भिडवला नाही.

आजही सातवाडीत निवडीचं मडकं कच्चंच असतं. शेजारी उमेदवाराची सख्खी बहीण, नाहीतर आई, हात पाठीमागं बांधून बसते. आणि भाऊबिजेला घरोघर एक पाट रिकामा मांडून त्याला ओवाळतात. चिमा मरेपर्यंत मांडायची, असं म्हणतात. देवजी काही आला नाही.