पारबताबाईची घडी

झाडीपट्टीत बोरटोला नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात पारबता नावाची एक बाई शंकरपटाची घडी, म्हणजे वेळ मोजायचं घड्याळ, धरायची. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची धाव. जोडी एकेकटी सुटते आणि जी कमी सेकंदांत दोरी ओलांडते ती जिंकते. म्हणजे सगळा खेळ घडीवाल्याच्या अंगठ्यावर! आधी ही घडी पारबताच्या बापाकडे होती. तो गेल्यावर बाईच्या हाती घडी आली, तेव्हा पुरुष मंडळी फिदीफिदी हसली होती. पण बावीस वर्षांत तिच्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नाही. चौदा गावांचे बैलवाले म्हणायचे, "पारबताबाई बोलली ना? मग झालं!" त्या घडीवर तिचा जीव होता आणि तिचा मानही तीच होती.

पट भरायचा तो धनपालजींच्या वावरात. धनपालजी म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. त्यांनी पेट्रोलची नवीकोरी मोठी गाडी घेतली आणि गावाचे कान किटले. गाडी उभी असली तरी हे पाय दाबून घुर्र घुर्र करणार. त्याच सुमारास दवाखान्यातल्या शेवंता सिस्टरनं विजेवर चालणारी छोटी गाडी आणली. आली कधी, गेली कधी, पत्ता लागायचा नाही.

"सिस्टर, तुमच्या मुक्या गाडीत जीव आहे का नाही?" धनपालजी चारचौघांत म्हणाले.

"जीव किती आहे ते पटावर बघू जी," सिस्टर म्हणाली. "जागच्या जागेवरून सुटायचं आणि दोरी ओलांडायची. घडी पारबताबाई धरतील."

पटाच्या दिवशी, बैल सुटायच्या आधी, दोन्ही गाड्या धावपट्टीवर आल्या. खरं सांगायचं तर पारबताला वाटत होतं, पेट्रोलचीच जिंकणार. एवढा आवाज म्हणजे तेवढा जोर, हे तिनं मनाशी धरूनच ठेवलं होतं.

आता तिची रीत ऐका. ती बसायची शेवटच्या टोकाला. डोळे दोरीवर आणि कान सुरुवातीकडे. तिकडे झेंडी पडून बैल उधळले की घुंगरं आणि आरोळी एकदम उठते. ती ऐकली की अंगठा दाबायचा. धनपालजींची गाडी गरजली, पारबतानं घडी दाबली, आठ सेकंद आणि वर वीस पॉइंट (शंभर पॉइंटचा एक सेकंद). मग विजेची गाडी सुटली. पारबता आवाजाची वाट बघत बसली. आवाज कुठला यायला! मान वळवून बघते तर गाडी कधीचीच सुटलेली. घाईघाईनं अंगठा दाबला. घडीत आले चार सेकंद.

"अरे बाप्पा, चार!" लोक टोप्या उडवायला लागले. सिस्टरला तर काही जणांनी हारही घातला.

पारबता उठून उभी राहिली. तोंड लाजेनं लाल झालं होतं. माईक घेऊन म्हणाली, "थांबा! हा वेळ खोटा आहे. मी कानावर विसंबले आणि चुकले. दोन्ही गाड्या पुन्हा सोडा. आता झेंडी डोळ्यानं बघीन आणि मगच घडी दाबीन."

सिस्टरनं हार काढून ठेवला आणि गाडी मागं नेली.

दुसऱ्यांदा पेट्रोलची गाडी धुरळा उडवत आली. आठ वीस. ती आधी दम भरते, मग गिअर बदलते, मग धावते. विजेच्या गाडीला असलं काही नाही. पाय पडला की सगळा जोर एकदम चाकात. ती आली सात साठला.

पारबता आकडा सांगायला निघाली तोच धनपालजी आडवे आले. हळूच म्हणाले, "तिचे आठ साठ सांग. एका आकड्यानं काय बिघडते बाई?"

"आकडा माझा नाही जी, तुम्हाला कुठून देऊ?"

"मघाशी चुकलीच होती ना तू? आताही चुकली म्हण."

"मघाशी चुकले तेव्हा मीच ओरडून सांगितलं. आता चुकले नाही. लांबच्या वाटेवर कोणती गाडी पुढं जाईल ते मला ठाऊक नाही. या पट्टीवर सिस्टरची गाडी पुढं आली, आणि मी तेच बोलणार!"

"वावर माझं आहे, पारबता! घडी ठेव खाली आणि घरी जा. परत या पटावर दिसायचं नाही."

पारबतानं हातातल्या घडीकडे बघितलं. बावीस वर्षं! डोळे भरून आले, पण मान काही खाली गेली नाही. तिनं घडी टेबलावर ठेवली, माईक उचलला आणि अख्ख्या पटाला ऐकू जाईल असं बोलली, "सिस्टरची गाडी सात साठ. धनपालजींची आठ वीस. आकडा बदलला नाही म्हणून मला काढलं आहे. रामराम!" आणि ती तरातरा चालायला लागली.

धनपालजींनी आपल्या भाच्याला घडीवर बसवलं. "चला, पहिली जोडी आणा!"

जोडी काही येईना. पहिल्या जोडीचा मालक बैलांच्या खांद्यावरून जू उतरवत होता. "जिथं वावराच्या मालकाच्या गाडीसाठी वेळ बदलायला सांगतात," तो म्हणाला, "तिथं माझ्या बैलांचा वेळ खरा कोण सांगल?" त्याचं बघून दुसऱ्यानं बैल सोडले, मग तिसऱ्यानं. बघता बघता साठ जोड्या परतीला लागल्या. वावर रिकामं पडायला लागलं.

धनपालजींची सगळी ऐट उतरली. घडी घेऊन ते पारबताच्या मागं धावले. "चल बाई, बस जागेवर."

पारबतानं हात पुढं केला नाही. "आधी माईकवर वेळ सांगा. तुमच्या तोंडानं."

सगळे बैलवाले थबकून बघत होते. धनपालजी माईकपाशी गेले, दोनदा खाकरले आणि म्हणाले, "सिस्टरची गाडी सात साठ. माझी आठ वीस."

"आता द्या," पारबता म्हणाली.

या गोष्टीचं तात्पर्य: मोजणाऱ्यानं आपली चूक सगळ्यांच्या आधी कबूल करावी, आणि खरा आकडा हाती आला की जमीनमालकाच्या धाकानंही तो बदलू नये.