म्हाळूचा वळसा

फार वर्षांपूर्वी, गावाला वेस होती आणि दिवेलागणीला वेशीचं दार लागायचं त्या काळी, धामणखोरे नावाच्या गावात म्हाळू नावाची सून आली. सून नवी होती आणि गाव जुनं होतं, त्यामुळे कोण कुणाला वळण लावणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. निदान तसं त्यांना वाटत होतं.

म्हाळू बोलायची नाही. हो म्हणायचं तर मान हलवायची, नाही म्हणायचं तर भांडी घासायला घ्यायची. तिची सासू गंगाबाई आल्यागेल्याला सांगायची, "मुकी बांधलीया माझ्या गळ्यात. रूप बघितलं, तोंड उघडून बघायचं राहिलं." पण म्हाळू मुकी नव्हती. तिला बोलता येईल अशी जागा एकच होती, आणि ती घरात नव्हती.

ती जागा म्हणजे गोठण. गाव आणि नदी यांच्यामध्ये हिरव्या गवताचा मोठा तुकडा होता. सकाळी गावभरची गुरं तिथं जमायची आणि तिथून रानात जायची. गुरं गेली की गोठण बायकांचं. शेण भरायला बायका तिथं, वाळवण घालायला तिथं, नदीवरून येताना घागर उतरवून दम खायला तिथं. सासवा एका कडेला बसून सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या, सुना दुसऱ्या कडेला बसून सासवांची. मधे एवढं गवत होतं म्हणून गावातली घरं टिकली, असं म्हणतात.

आणि गावाच्या मध्यात होती चावडी. चावडी म्हणजे काय, तर चार खांब, वर गळकं छप्पर, आणि मधोमध एक काळा धोंडा. त्या धोंड्यावर हात ठेवून शपथा व्हायच्या, न्याय व्हायचे. धोंडा जिथं तिथं चावडी, असा नेम होता. आणि दुसरा नेम असा की चावडीपुढून जाताना बाईमाणसानं पायातल्या वहाणा हातात घ्यायच्या, पदर नाकापर्यंत ओढायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. हा नेम कुणी केला ते माहीत नाही. ज्याला वहाणा काढाव्या लागत नव्हत्या अशाच कुणीतरी केला असणार.

तर एका उन्हाळ्यात गावकऱ्यांना वाटलं, चावडी हलवावी. छप्पर गळतं म्हणावं तर उन्हाळा होता. पण शेजारी तेलाचा घाणा करकरतो, त्यात न्याय ऐकू येत नाही, असं कारण निघालं. मग हलवायची कुठं? गोठणावर. मोकळी जागा, हिरवळ, नदीचा वारा. कुणाच्या मालकीची नाही म्हणजे कुणाचीच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

म्हाळूचा सासरा सुभानजी हा वरच्या आळीचा म्होरक्या. खालच्या आळीचा म्होरक्या केरबा. दोघं कधी एका बाजूला नसत, पण चावडी गोठणावर न्यायची म्हटल्यावर दोघांचं एकमत झालं. गावाला धसकाच बसला. पण घाबरायचं कारण नव्हतं, कारण लगेच दाराचा प्रश्न आला.

सुभानजी म्हणाला, दार पूर्वेला. केरबा म्हणाला, उत्तरेला. पूर्वेला म्हणजे वरच्या आळीला जवळ, उत्तरेला म्हणजे खालच्या. पण तसं कुणी बोललं नाही. एकानं सूर्य काढला, दुसऱ्यानं कुबेर काढला. तिसरा म्हणाला, दोन दारं करा. दोन दारं असलेल्या चावडीत न्याय एका दारानं येतो आणि दुसऱ्यानं जातो, असं चौथा म्हणाला. आणि हे सगळं सुभानजीच्या ओसरीवर, रोज, जेवणवेळ टळेपर्यंत. म्हाळू दाराआड पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची. तांब्या रिकामा झाला की भरून आणायची. ती वाट बघत होती की यातला कुणीतरी एकदा तरी विचारेल, बायका मग कुठनं जाणार? छपराला कौलं की गवत, यावर ते बोलले. खांब सागाचे की बाभळीचे, यावर भांडले. नव्या चावडीत केरबाच्या कुत्र्याला येऊ द्यायचं का, यावर तर दुपार गेली. बायकांचं नाव निघालं नाही.

शेवटी म्हाळूनं चुलीपाशी सासूला विचारलं, "आत्याबाई, चावडी गोठणावर गेली तर आपण बोलायचं कुठं?"

गंगाबाईनं परातीतला हात थांबवला. "तुला काय बोलायचंय गं? आल्यापासनं चार शब्द निघाले न्हाईत तोंडातनं."

"इथं निघत न्हाईत. तिथं निघतात."

"काय बोलतीस तिथं?"

म्हाळू भांडी घासायला लागली. गंगाबाईला काय ते कळलं. मग तिला आपलंही आठवलं. सुनेची सगळी गाऱ्हाणी आपण सांगतो ती कुठं बसून? त्या दिवशी तिनं भाकरी थापली ती जरा जास्तच जोरात.

सुभानजी जेवायला बसला तेव्हा तिनं विषय काढला. तो म्हणाला, "तुम्हा बायकांचं काय जातंय? वहाणा काढल्या, गप गेलं, झालं."

"दिवसातनं दहादा?"

"मग कमी जात जा."

चांगला मुहूर्त बघून धोंडा गाडीत घालून गोठणावर नेला. नारळ फोडला. आणि मग दार कुठं, यावर पुन्हा तेच. दार ठरेना म्हणून भिंत उठेना, भिंत उठेना म्हणून छप्पर नाही. गवतात मधोमध काळा धोंडा आणि भोवती डोक्याला मुंडाशी गुंडाळून उन्हात बसलेले पंच, अशी चावडी झाली.

पण भिंत नाही, तर चावडी संपते कुठं? म्हाळूनं हे गंगाबाईला विचारलं आणि गंगाबाईनं दुरूनच हाळी देऊन पंचांना. केरबा म्हणाला, धोंड्याच्या भोवती, बसलोय तेवढी. सुभानजीला केरबाचं काहीही पटत नव्हतं. तो म्हणाला, "एवढीशी कशी? वरच्या आळीनं काय कोंबड्याचं खुराडं आणलंय व्हय? हे सगळं गोठण म्हंजे चावडी." खालच्या आळीला मागं राहायचं नव्हतं. त्यांनीही सगळं गोठण म्हटलं. तेवढी एक गोष्ट एकमतानं ठरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाळू घागर घेऊन निघाली. गोठणाच्या कडेला आली आणि थांबली. समोर नदी दिसत होती. तिनं पायातल्या वहाणांकडे बघितलं. मग ती वळली आणि टेकाडावरून, काट्याकुट्यांतून, सगळ्या गोठणाला वळसा घालून नदीवर गेली. तशीच परत आली. घरी आली तोवर उन्हं अंगणात उतरली होती आणि चूल थंड होती. गावातली दुसरी एक सून तिच्यामागं गेली, मग तिसरी, मग गंगाबाई, कंबरेला हात लावून, "आई आई गं" करत.

पंचांना आधी काही वाटलं नाही. मग न्याहारी उशिरा आली. मग आलीच नाही. गुरं सकाळी जमायची थांबली नव्हती, आणि त्यांचं शेण भरायला कुणी येत नव्हतं. शेण दिवसेंदिवस पंचांच्या जवळ सरकायला लागलं.

"अगं, सरळ या की मधनं," सुभानजी ओरडला.

"कसं येऊ?" गंगाबाई टेकाडावरून म्हणाली. "चावडी हाय न्हवं. बाईमाणसाची रीत हाय."

"मग वहाणा काढून या."

"शेणात?"

यावर पंच बसले. बायकांना आजच्यापुरती मोकळीक द्यावी, असं एक मत पडलं. आज दिली तर उद्या मागतील, असं दुसरं. मोकळीक कुणाच्या नावानं द्यायची, वरच्या आळीच्या की खालच्या, असं तिसरं. हा वाद चालला तोवर बायकांच्या तीन खेपा झाल्या.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं नाही, पण सगळे सांगतात. वळशाच्या वाटेवर म्हाळूच्या घागरीतून पाणी हिंदकळायचं. जिथं थेंब पडला तिथं करंजाचं रोप उठलं. ती पुढं जायची आणि मागं सावली पडत जायची, असं म्हणतात. मधे पंच उन्हात आणि भोवती बायका सावलीत. मग गुरांनीही गोठण सोडलं आणि बायकांच्या वाटेनं चालू लागली. आणि एका सकाळी पंच उठून बघतात तर नदी जिथं होती तिथं नव्हती. तिनंही गोठण टाळून लांबून वळण घेतलं होतं, खालमानेनं, आवाज न करता, पदर ओढून गेल्यासारखं. शहाणे लोक म्हणतात, नदी आधीपासूनच तिथून वळत होती. शहाण्यांना पाणी भरावं लागलं नसणार.

आता पंचांच्या घशाला कोरड पडली. पाणी नाही, सावली नाही, भाकर नाही, आणि दार अजून ठरलेलं नाही. केरबा म्हणाला, जाऊ द्या, धोंडा परत नेऊ. सुभानजीनं त्याच्याकडे बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा मान हलवली. सगळ्यांनी जोर लावायला वहाणा काढल्या, धोतरं खोचली आणि धोंड्याला हात घातले.

धोंडा हलेना. गवतात रुतला म्हणावं तर तसाही नाही. हे ढकलत होते, घामाघूम होत होते, देवाचं नाव घेत होते, मग एकमेकांचं घेऊ लागले. बायका वाटेवर घागरी घेऊन उभ्या राहून बघत होत्या. कुणी काही बोलत नव्हतं. रीत होती ना.

म्हाळूनं किती वेळ बघितलं, देव जाणे. मग तिनं घागर खाली ठेवली. पदर मागं सारला. आणि वहाणा पायात तशाच ठेवून ती गोठणावर आली, गवतातून चालत, थेट धोंड्यापर्यंत. गंगाबाईनं डोळे मिटून घेतले.

"मामंजी," म्हाळू म्हणाली, आणि तिचा आवाज नदीपलीकडं ऐकू गेला, "वरची आळी खालच्या अंगाला ढकलतीया आणि खालची वरच्या. सगळ्यांनी एका अंगानं धरा."

सुभानजीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. खरंच तसं होतं.

मग त्यांनी एका अंगानं धरलं, आणि धोंडा रिकाम्या परडीसारखा उचलला गेला. म्हाळू पुढं आणि धोंडा मागं, अशी वरात जुन्या चावडीत गेली. घाणा करकरत होता. त्याची तक्रार कुणी केली नाही. जोर लावायला काढलेल्या वहाणा पुरुषांनी एका हातात धरल्या होत्या, त्या पायात घालायची आठवण कुणाला राहिली नाही. तेव्हापासून धामणखोऱ्यात गोठणावर पाय ठेवताना पुरुषमाणूस वहाणा काढतो. हल्लीची पोरं बूट काढतात, नाडी सोडताना कुरकुरतात, पण काढतात.

म्हाळू पुढं कधी गेली, कशी गेली, कुणाला माहीत नाही. कुणी म्हणतं, म्हातारी होऊन गेली. कुणी म्हणतं, एकदा वळसा घालायला निघाली ती अजून चालते आहे. तिचं देऊळ बांधायचं गावानं ठरवलं होतं. कुठं, तर गोठणावर. बायकांनी नुसत्या कंबरेवर घागरी घेतल्या, आणि तो विषय तिथंच राहिला. अधूनमधून ग्रामसभेत तसला विषय अजून निघतो, सभागृह म्हणा, वाचनालय म्हणा, कमान म्हणा. प्रत्येक नव्या सरपंचाला वाटतं की मोकळी जागा आपल्यालाच पहिल्यांदा दिसली. मग नळ दारात असूनही बायका घागरी काढतात आणि करंजाखालच्या वाटेनं चालू लागतात.

आणि गावात नवी सून आली की हळद उतरायच्या आत सासू तिला म्हाळूच्या नावानं गोठणावर घेऊन येते. मधोमध उभी करते. आपण थोडी लांब जाऊन, पाठ करून बसते आणि म्हणते, "बोल आता. काय असंल ते."

बहुतेकजणी पहिल्यांदा गप्पच उभ्या राहतात. सासू मागं वळून बघत नाही. घरी चुलीवर काहीतरी करपत असतं. ती बसून राहते.