किडनीपुरता भाऊ

धनाजीराव दांडग्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या, पण रुबाब शाबूत होता. अवयवदानाला परवानगी देणाऱ्या सरकारी समितीपुढे ते खुर्चीत रेलून बसले. मागे वीटभट्टीवरचा सुदाम उभा होता, कोऱ्या शर्टाच्या घड्यांसकट.

"हा माझा सख्खा चुलतभाऊ," धनाजीराव गरजले. "प्रेमापोटी किडनी देतोय. ही बघा वंशावळ, नोटरीच्या शिक्क्याची! आजोबांना दोन मुलगे. एकाचा मी, दुसऱ्याचा हा."

समितीतल्या टिपणीसबाईंनी असले शिक्के ढिगाने पाहिले होते. सुदामला विचारण्यात अर्थ नव्हता. दलालाने त्याला चांगलं पढवलं असणार. बाईंनी वंशावळ कौतुकाने वाचली.

"आजोबांची जमीन किती?"

"साठ एकर बागायत! सगळी माझ्या नावावर."

"अरेरे, तलाठ्याने केवढा घोळ घातलाय! या वंशावळीप्रमाणे निम्मी सुदामरावांची. हा कागद मी आजच तलाठ्याकडे पाठवते, तीस एकर लागतील यांच्या नावावर. एवढं प्रेम आहे, तर तुमची हरकत नसेलच. करा सही."

धनाजीराव ताडकन उठले. "जमीन काय याच्या बापाची आहे? हा कोण लागतो आमचा? भट्टीवरचा गडी!"

"लिहून घ्या," बाई कारकुनाला म्हणाल्या. "किडनीला भाऊ, जमिनीला गडी. अर्ज नामंजूर. आणि पोलिसांना फोन लावा."

तेव्हा कुठे सुदामने तोंड उघडलं.

"बाई, त्यांना नको असंल, तर ती वंशावळ मी ठिवू का?"