बकुळची चाल

"यात चूक कुठे आहे, तेवढं सांगा."

निरंजन मगदूमने लॅपटॉप यमुनाताईंपुढे सरकवला.

कार्यशाळा नुकतीच संपली होती. मिरजेच्या त्या लहानशा संग्रहालयात, जुन्या सतारी मांडलेल्या दालनाला लागून एक खोली होती. तिथे यमुनाताई आरवाडे दर रविवारी चित्रांना चालायला शिकवत. उभा जन्म त्यांनी हाताने चित्रं काढून ती पडद्यावर हलवली होती. आता सत्तरी उलटली होती. शिकायला कोणीही येई. शाळकरी पोरं, एक निवृत्त पोस्टमास्तर, दोघी जावा.

निरंजन शिकायला आला नव्हता.

याच संग्रहालयात यमुनाताईंचं व्याख्यान झालं, तेव्हा त्याने उभं राहून विचारलं होतं, "दोन चित्रांमधली चित्रं आता संगणक काढतो. मग हाताने कशाला काढायची?"

"नका काढू," त्या म्हणाल्या होत्या.

लोक हसले होते. पुण्याच्या मोठ्या स्टुडिओत नाव कमावलेल्या माणसाला ते हसू चांगलंच झोंबलं होतं. तरी आज तो आला होता.

पडद्यावर सहा-सात वर्षांची एक मुलगी चालत होती. गळ्यात पाण्याची बाटली. डावं पाऊल किंचित आत वळलेलं. दर पावलाला बाटली पोटावर आपटत होती. मागची झाडं सरकत होती, भिंती सरकत होत्या. मुलगी होती तिथेच होती. चालत होती... चालतच होती.

"कोण ही?"

"बकुळ. माझी मुलगी."

यमुनाताई पडद्याकडेच पाहत राहिल्या.

"गेल्या वर्षी गेली. ताप डोक्यात गेला."

...

मग तो भडाभडा बोलू लागला. चाल हुबेहूब आहे. फोनमधले व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहून काढली आहे. खांद्याचं झुलणं बघा, बाटलीचा हेलकावा बघा.

"दिसतंय," यमुनाताई म्हणाल्या. "मग चूक आहे असं कोण म्हणालं?"



म्हणाली होती हेमांगी, त्याची बायको. काम पुरं झालं तेव्हा त्याने तिला हाताला धरून खोलीत आणलं होतं. तिला बरं वाटेल, अशी त्याची समजूत. तिने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "किती चालवतोस तिला? दमली असेल रे."

आणि निघून गेली. त्या खोलीत तिने पुन्हा पाय ठेवला नाही. घरात बोलणं उरलं ते मीठ-भाकरीपुरतं.

हे त्याने सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "घरच्यांना आवडलं नाही."

"कुठे निघालीय ही?"

"कुठे म्हणजे? चालतेय."

"कुठे पोचायचंय तिला?"

"पोचली तर संपेल, ताई."

"हं."

...

यमुनाताईंनी लॅपटॉप मिटला. "पुढच्या रविवारी ये. कागदावर काढ. ती पाठमोरी जाताना."

"मला ही विद्या नव्याने शिकायची नाहीये."

"मग नको येऊस."

तो आला.

पोस्टमास्तरांच्या शेजारी त्याला जागा मिळाली. टेबलाच्या काचेखाली दिवा होता. काचेच्या कडेला असलेल्या खुंट्यांवर भोकं पाडलेला कागद बसवायचा, खालचं चित्र त्यातून दिसतं, त्याच्या केसभर पुढचं वरच्या कागदावर काढायचं. मग आणखी एक कागद. पोस्टमास्तर उडी मारणारा बेडूक काढत होते आणि दर चित्राला स्वतःच खुदकन हसत होते.

निरंजनने पेन्सिल टेकवली आणि तो अडला.

पाठमोरी बकुळ त्याला आठवेना.

व्हिडिओ फोनमध्ये ढिगाने होते. त्या सगळ्यांत ती समोरून येत होती. बाबाकडे धावत, बाबाला हाक मारत. जाताना तिला कोणी टिपलंच नव्हतं.

तो दिवस कोरा गेला.

घरी हेमांगी ओट्यापाशी कणीक मळत होती. तो दारातच उभा राहिला.

"बकुळची वेणी... मागून कशी दिसायची?"

तिचे हात थांबले.

त्याला वाटलं, आता ही आत निघून जाईल. पण ती परातीकडे बघत हळूहळू बोलू लागली. "एकच असायची. वर घट्ट, खाली सुटलेली. रबर टिकायचंच नाही तिचं. शाळेच्या फाटकापर्यंत जाईतो निम्मी सुटायची. मी हाका मारायचे, थांब गं, बांधते... ती कसली थांबते!"

"फाटकाशी वळून बघायची?"

"नाही. कधीच नाही." हेमांगीने मनगटाने डोळे पुसले. कपाळाला पीठ लागलं. "तिला शाळेत जायची भारी हौस."

निरंजन खाली बसला. कणीक मळून झाली तरी दोघं तिथेच होती.

त्यानंतर हात चालू लागला. रविवारमागून रविवार गेले. शाळेचा रस्ता कागदावर आला, फाटक आलं. सुटत जाणारी वेणी घेऊन बकुळ निघाली. दर कागदावर ती जरा लहान होई. बाटली दिसेनाशी झाली. मग पावलं. मग वेणी. फाटकाच्या आत एक रेघ उरली, रेघेचा ठिपका झाला.

पुढच्या कागदावर निरंजनने ठिपका काढला.

त्याच्या पुढच्या कागदावरही तेवढाच ठिपका.

त्याच्या पुढच्यावरही.

त्या दिवशी सगळे गेले तरी तो ठिपकेच काढत बसला होता. यमुनाताई येऊन शेजारी बसल्या. ठिपक्यांचे कागद त्यांनी एकेक करून उचलले आणि बाजूला ठेवले. फक्त पहिला राहू दिला. त्यावर एक कोरा कागद नीट खुंट्यांत बसवला.

"हा काढ."

"यात काय काढू?"

"काही नको."

निरंजन कागदाकडे पाहत राहिला. खालच्या दिव्याने ठिपका अजून अंधुक दिसत होता. यमुनाताईंनी हात लांब करून दिवा बंद केला.

त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो बायकोसमोरही, स्मशानातही निघाला नव्हता.

यमुनाताईंनी पाठीवर हात ठेवला नाही. समजूतही घातली नाही. तो थांबेपर्यंत शेजारी बसून राहिल्या.

चित्रं पडद्यासाठी जुळवून झाली तेव्हा निरंजनने हेमांगीला बोलावलं नाही. लॅपटॉप स्वयंपाकघरात नेला. ती भाजी निवडायची थांबली. बकुळ निघाली, वेणी सुटत गेली. "थांब गं," हेमांगी पुटपुटली. बकुळ थांबली नाही. लहान होत होत फाटकाच्या आत गेली. ठिपका गेला. पडदा पांढरा झाला.

निरंजनचा हात बटणाकडे गेला.

"बंद नको करूस," हेमांगी म्हणाली. "एवढ्यात नको."

पण शेवटी कोरे कागद त्याने थोडेच लावले होते. चित्र आपोआप संपलं. पडदा काळा झाला. हेमांगीने त्याच्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. तिला अजून थोडं बसायचं होतं, एवढंच.

पुढच्या रविवारी त्याने हे सगळं यमुनाताईंना सांगितलं, हेमांगी "दमली असेल रे" म्हणाली होती तेसुद्धा. त्या मुलांसाठी कागदांना भोकं पाडत होत्या.

"कोरे कागद कमी पडले, ताई," तो म्हणाला. "शेवटी किती लावायचे असतात?"

यमुनाताईंनी हातातला कागद खाली ठेवला. तळव्याने तो सपाट केला. पुन्हा एकदा केला...

"मी अजून लावतेच आहे," त्या म्हणाल्या.