सुगंधेच्या हातची भाकरी

प्रवरेकाठच्या शिरसवाडीत त्या वर्षी नथानेल महाराजांचा मुक्काम लांबला होता. हाती एकतारी, मुखी प्रभूचं नाव, आणि जो बोलावील त्याच्या घरी जेवण; असा तो साधा संतपुरुष!

तिथल्या ख्रिस्ती मंडळीची एक रीत होती. प्रभुभोजनाची भाकरी दर महिन्याला पाळीनं एका घरातून यायची; पीठ मात्र कारभारी यकोबरावांच्या कोठीतलं. आणि भाकरी अखंड हवी! जिची मोडली तिच्या घरात पाप आहे, असं बायका खुशाल बोलत.

त्या रविवारी पाळी आली शांतवन गवंड्याच्या घराची. त्याची बायको सुगंधा दोन वर्षांपूर्वी जत्रेतल्या पाळणेवाल्याबरोबर निघून गेली होती. पुढं त्यानं तिला एका परक्या गावी वाऱ्यावर सोडलं. शांतवनाला हे कळलं, तसा तो उठला आणि तिला घरी घेऊन आला. वाटेत एक वाकडा शब्द बोलला नाही. तेच तर तिला सोसवेना! दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटे.

पीठ आणायला गेली तेव्हा यकोबराव चारचौघींत म्हणाले, "या हातांची भाकरी प्रभूच्या मेजावर? बघू या, देव घेतोय का! नव्या ज्वारीचं पीठ आहे, नीट कर हो."

रविवारी सकाळी पहिली भाकरी थापतानाच फाटली. तिनं आधणाचं पाणी घालून पुन्हा मळलं. दुसरीचे तव्यावर तुकडे झाले. पीठ तर नवं, मग दोष आपलाच! परातीत शेवटचा एक गोळा उरला.

"मला परत नेऊन सोडा," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमची अब्रू तरी राहील."

"अब्रूचं काय घेऊन बसलीस? थाप तू," शांतवन म्हणाला.

तेवढ्यात महाराज दारात आले. सुगंधेनं पदर तोंडावर ओढला. "महाराज, देवानं मला टाकलं हो!"

महाराज चुलीपाशी बसले आणि म्हणाले, "लेकी, पूर्वी एका संदेष्ट्याची बायको अशीच दुसऱ्यामागं गेली. देव त्याला म्हणाला, जा, तिला घरी आण, म्हणजे माझ्या जिवाचं काय होतं ते तुला कळेल. माझी माणसंही अशीच जातात. मी रागावतो, पण त्यांना टाकायचं म्हटलं की माझंच काळीज तुटतं. असा देव तुला टाकील?"

"पण मला फार लाज वाटते."

"वाटू दे की! लाज वाटत असली तरी भाकरी थापता येते."

डोळ्यांतलं पाणी खळेना, तशीच ती थापू लागली. आणि काय नवल! गोळा परातभर पसरला, काठाला चीर नाही. निखाऱ्यावर भाकरी टम्म फुगली.

प्रार्थनामंदिरात भाकरी मेजावर ठेवून सुगंधा मागं दारापाशी उभी राहिली. यकोबरावांनी फडकं उचललं. भाकरी उलटून पाहिली, पुन्हा उलटून पाहिली, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. महाराजांनी प्रार्थना करून भाकरी मोडली आणि पहिला तुकडा त्यांच्यापुढं धरला. यकोबरावांचा हात पुढं होईना.

"मला नको, महाराज," ते कसेबसे बोलले. "ते पीठ नवं नव्हतं. कोठीच्या तळाचं होतं, सालाचं, पार विरी गेलेलं, चिकटपणा म्हणून उरला नव्हता. त्याची भाकरी होणंच शक्य नव्हतं. हिची फजिती व्हावी म्हणून मी दिलं. प्रभूच्या मेजाशी बेइमानी केली मी!"

ते महाराजांच्या पायांवर वाकले. महाराज बाजूला सरले. "कारभारी, माझं काय बिघडवलंत तुम्ही?"

यकोबराव उठले, सगळ्या मंडळीदेखत दारापाशी गेले आणि पागोटं काढून सुगंधेपुढं वाकले.

"अगं बाई! दादा, उठा हो," ती रडतच मागं सरली. "मी कोण तुम्हाला माफ करणारी? माझंच तोंड कुणाला दाखवण्याजोगं नाही."

महाराज मागोमाग आले होते. हातातल्या तुकड्याचे त्यांनी दोन केले.

"घ्या दोघं," महाराज म्हणाले. "प्रभू आपल्या सगळ्यांना ओळखून आहे, आणि तरीही त्यानं जेवायला बोलावलंय."

यकोबरावांना मान वर करवेना. वाकल्या वाकल्याच त्यांनी दोन्ही हात पुढं केले.